'आल्प' या नोंदीची चौकशी

"पहिल्या खंडातील 'आल्प' या नोंदीत अन्य मते आली नाहीत, कारण संबंधित उपसंपादिकेने ती प्रधान संपादकांच्या निदर्शनास आणून दिली नाहीत," असे कोशमंडळाने जाहीर केले.

वाक्य देखणे होते. व्याकरण चोख, 'निदर्शनास' हा शब्द भारदस्त, आणि जबाबदारी वरून खाली इतक्या अलगद उतरवलेली की वरच्याला ओरखडाही उठू नये. उणीव एवढीच होती, की असे काही घडलेच नव्हते.

उपसंपादिका ही प्रधान संपादकांची सख्खी पुतणी. घरी ती त्यांना काका म्हणे, कचेरीत सर. कचेरीने तिचे नाव टाचणी ठेवले होते. कागद जोडते आणि बोटालाही टोचते म्हणून. छापील नोंदीत 'आल्प' या उंच पर्वतांच्या नावाचा अर्थ 'पांढरा' असा ठणकावून दिला होता. खंड बाहेर पडला आणि एका परीक्षकाने जाहीरपणे विचारले, की बाकीची मते कोशकारांच्या कानावरच गेली नाहीत काय? मंडळाला तातडीने एक अडाणी माणूस हवा झाला. ठपका कायम झाला असता तर टाचणीचे नाव पुढच्या सर्व खंडांतून गेले असते; आणि कोशाच्या धंद्यात अडाणी ठरलेल्याला कोणी दारात उभे करत नाही.

ती तर काकांच्या टेबलापाशी अख्खी दुपार भांडली होती.

"सर, पांढरा हे एक मत झालं. दुसरं मत त्याहून जुन्या मुळाकडे जातं. तिथे अर्थ नुसता उंची. आणि तिथले गुराखी हा शब्द शिखराला वापरतच नाहीत. उन्हाळ्यात गुरं नेतात ना, त्या वरच्या कुरणाला म्हणतात. खालून बघणाऱ्यांनी तो अख्ख्या पर्वतांना चिकटवला."

"गुरांना विचारून कोश करायचा आता?" काका म्हणाले होते. शेजारी मांडणीकार पान जुळवत बसला होता. तो खो खो हसला होता.

त्या कोशाची रीत अशी, की रंगीत चित्रे आधी छापायची आणि मजकूर मागाहून त्यांच्याभोवती बेतायचा. चित्रात बर्फच बर्फ होते, खाली 'धवल पर्वत' अशी ओळ. चित्र आणि शब्द यांत तंटा झाला, की त्या कचेरीत शब्दानेच घर सोडायचे.

चौकशी मंडळाच्या बैठकीच्या खोलीत झाली. अधिकारी बाहेरचे, निवृत्त न्यायाधीश. लघुलेखिका शब्दन् शब्द टिपत होती. मांडणीकाराला आधी विचारले.

"मला अलीकडे ऐकायला जरा कमी येतं, साहेब."

"हसायला येतं ना पण?" टाचणी म्हणाली. न्यायाधीशांनी तिला गप्प केले.

काका शांतपणे म्हणाले, "पोर हुशार आहे. पण हे तिनं मला सांगितलं नाही. घरची म्हणून पाठीशी घालू शकत नाही मी." घर मधे आणण्याची ही वेळ त्यांनी फार जपून निवडली होती.

टाचणीला वाटले, आता ओरडावे. पण ज्या माणसाने तिला शब्दाचा माग काढायला शिकवले, त्याची नाडीही त्याच शिकवणीने तिच्या हाती दिली होती. तरुणपणी काकांनी आल्पच्या त्या 'पांढरा' अर्थावर एक व्याख्यान दिले होते आणि त्यावर आयुष्यभर हारतुरे घेतले होते. खोटारडा म्हटले तर ते हसतील, हे तिला ठाऊक होते.

ती उभी राहिली. "साहेब, माझी तक्रार नाही. सर म्हणतात ते खरं असेल. एवढंच लिहून घ्या: इतकी वर्षं या विषयावर बोलून सरांना दुसरी मतं माहीतच नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतात. पुतणीनं सांगितलं नाही, म्हणून काकांना कळलं नाही. वय झालंय त्यांचं."

मांडणीकाराने मान खाली घातली. एवढे मात्र त्याला नीट ऐकू आले होते.

"लिहू?" लघुलेखिकेने विचारले.

"सर, हरकत नसेल तर लिहून घेतो," न्यायाधीश म्हणाले. "'प्रधान संपादक विषयाशी अनभिज्ञ होते.'"

काकांचे कान लाल झाले. ते उठले, आणि लघुलेखिकेच्या टिपणात पुढचे शब्द जसेच्या तसे आहेत:

"अनभिज्ञ? मी? खोडा ते! ही कार्टी पाळण्यात होती तेव्हापासून मला कुरणाचा अर्थ माहीत आहे. हिनं सांगितलं, अख्खी दुपार सांगितलं, आणि हिचं बरोबर होतं. म्हणून तर ते नोंदीतून काढलं. माझ्या कोशात मला चूक ठरवणारी नोंद, आणि तीही माझ्याच घरातल्या पोरीची? मी जिवंत असताना?"