हंसाबाईच्या हातून सुटलेला ट्रॅक्टर

मित्रांनो, बोरी अरबच्या पलीकडे, तांड्याच्या कडेला झुडपांत जो गंजका सांगाडा दिसतो ना, तो मी. एक जुना ट्रॅक्टर. आज माझ्या सीटवर कोंबड्या बसतात.

१९५६ साली देवसिंग आणि रामधन या दोघा भावांनी मला आणलं, तेव्हा बायकांनी मला कुंकू लावलं होतं. मी घासलेटवर चालायचो. हॅंडल फिरवलं की धडधडत उठायचो. देवसिंग मला हाकायचा. पुढे त्याला कावीळ झाली, तेव्हा त्याची बायको हंसाबाई माझ्या सीटवर बसली. पदर खोचून तिनं अख्खं वावर नांगरलं. पाहायला तांडा लोटला होता.

घासलेट जाळायला मला हवाही लागते. ती हवा गाळायला तेलाचं एक भांडं असतं. हंसाबाई रोज सकाळी ते घासलेटनं धुवायची आणि नवं तेल भरायची. म्हणायची, "नाकात धूळ गेली तर याचा दम जाईन."

देवसिंग वाचला नाही. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी रामधननं हॅंडल आपल्या घरात नेऊन ठेवलं. वहिनीला म्हणाला, "भोजाई, बाईमाणसानं ट्रॅक्टर हाकणं बरं दिसत नाही."

त्यानंतर ते भांडं कोणी उघडलंच नाही. उन्हाळी नांगरटीची काळी धूळ मी दोन वर्षं गिळली. मग धूर ओकू लागलो, चढावर थांबू लागलो. रामधन सगळीकडे सांगत सुटला, "भोजाईनंच बिघडवला."

शेवटी दारव्ह्याहून वामन मिस्त्री आला. त्याच्याकडे काट्याचं एक यंत्र होतं. पिस्टन वर येताना आत हवा किती दाबली जाते, ते त्यावर कळायचं. त्यानं माझे प्लग काढले. भोकावर यंत्र दाबून धरलं. रामधननं हॅंडल फिरवलं. काटा थोडा हलला आणि थांबला. मला फार लाज वाटली.

मिस्त्रीनं आत थोडं जाड तेल सोडलं. पुन्हा हॅंडल फिरलं आणि काटा टुणकन वर चढला.

"पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या," मिस्त्री म्हणाला. "तेलानं फट भरली, म्हणून काटा चढला. धूळ गेली आत." त्यानं हवेचं भांडं उघडलं. आत वाळलेला चिखल होता. "हे कोण साफ करत होतं?"

"मी करत होतो," हंसाबाई म्हणाली. "माह्या हातून गेल्यावर कोणीच नाही."

मला वाटलं, आता न्याय होईल.

हंसाबाई पुढे आली. "रामधन, याच्यात माह्या मालकाचा वाटा हाये. मले दे. मी दुरुस्त करून घेतो."

रामधननं हॅंडल खांद्यावर टाकलं. "तुले कायले देऊ? सुरुवातीलेच तू खराब केला हा. पडून सडला तरी चालते."

लोकांनी काटा पाहिला होता, चिखलही पाहिला होता. तरी माना त्यांनी रामधनच्याच बोलण्यावर हलवल्या. मिस्त्रीनं यंत्र पिशवीत घातलं आणि तो बस गाठायला निघून गेला.

तेव्हापासून मी इथंच सडतो आहे. हंसाबाई उसन्या बैलजोडीनं वावर करते. आधी जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवायची. आता तोंड फिरवून जाते.

मित्रांनो, यंत्राला तेल घाला, धूळ पुसा, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. मी एवढंच मागतो, ज्या हातांना आमची निगा राखता येते, ते हात कोणाचे आहेत हे पाहून त्यांना दूर लोटू नका.