आत्याचा फोटो

माझी आत्या अणुरसायनशास्त्रज्ञ. तिने शोधलेलं मूलद्रव्य तयार झाल्यावर काही मिनिटांतच विरून जायचं, त्यामुळे घाई तिच्या अंगात मुरलेली. संस्थेच्या भिंतीवर बाईचा पहिलाच फोटो लागणार होता आणि नेमका तो काढायच्या वेळीच आत प्रयोगशाळेत नमुना तयार झाला.

"मॅडम, हलू नका," फोटोग्राफर म्हणाला.

"उरका हो! मोजायच्या आत नमुना अर्धा झाला."

"मान जरा वर."

"आता पाव उरला!"

"आत्या, हसलीस तर सुटशील," मी म्हणालो.

ती हसली आणि हसतच पळाली. क्लिक मागून झालं.

मोजमाप साधलं. भिंतीवर रिकामी खुर्ची आणि दारातून निसटणारं कोपर लागलं.

"चेहरा कुठाय?" संचालकांनी विचारलं.

"साहेब," आतोबा म्हणाले, "लग्नापासून मीही तेच विचारतोय."