धाकट्याचा ढोल

"वाजणार नसेल, तर ताण उतरवून टांगायचा. माणूस थकला की कुरकुर तरी करतो गं, ढोलाचं कातडी पान बिचारं सरळ फाटतं."

बाबांचं हे बोलणं ऐकतच थोरली मोठी झाली होती. आणि तेच बाबा दवाखान्यातल्या खाटेवर, श्वास पुरत नसताना, तिचा हात धरून म्हणाले, "धाकट्याचाही उतरव. माझ्याच्याने झालं नाही. शब्द दे."

तिने दिला. पहाटे बाबा गेले.

तिचा धाकटा भाऊ ऐन उमेदीत तापाने गेला, त्याला वर्षं लोटली. बाबांच्या दुकानातले बाकीचे ढोल सैल होऊन भिंतीवर झोपत. त्याचा तेवढा जागा असे. त्याला आवाज चढा लागायचा. बाबा रोज सकाळी दोरीवरच्या कड्या सरकवून पान नेमकं तिथे आणत आणि एकच थाप मारत. आत चुलीशी आईचा हात थांबायचा. मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

बाबांना पोचवायला जमलेली माणसं पांगली, तशी थोरलीने दुकानात जाऊन तो ढोल खाली घेतला. आई दारात येऊन उभी राहिली.

"हात लावू नकोस त्याला."

"आई, मी बाबांना कबूल केलंय."

"गेलेल्याचं ऐकतेस, आणि जिवंत आई दिसत नाही तुला? एकदा उतरवलास की तो आवाज परत कोण आणणार? तू?"

तिला तो आणता येत नव्हता. तो बाबांच्या बोटांत होता. तिने आईचं बोट धरलं आणि पानाच्या कडेवरून फिरवलं. केसाएवढी चीर बोटाला जाणवली.

"त्यांना ठाऊक होती?"

"होती."

"म्हणून थाप हळू पडायची होय," आई पुटपुटली. "मी आपली म्हणायचे, म्हाताऱ्याच्या हातातला जोर गेला." मग म्हणाली, "एकदा वाजव. शेवटचं. मग खुशाल उतरव."

"वाजवला तर आत्ताच फाटेल गं."

आई खाली बसली. ढोल मांडीवर ओढून तिने पानाला कान लावला. तिथे काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि दोन्ही हातांनी ढोल घट्ट धरला, हलू नये म्हणून.

थोरलीने पहिली कडी हळूच मागे सारली. मग त्या कडीच्या समोरची.