मासेबाबा आणि पुतळ्याची किडनी

बंद पडलेल्या लाँड्रीत सकाळपासून झुंबड उडाली होती. एक निवृत्त न्यायाधीश बादलीतल्या माशाची क्षमा मागत होते. शेजारी एक बस कंडक्टर आपला मासा नाराज होऊ नये म्हणून त्याला वारा घालत होता.

"किडनी कुणाची?" मासेबाबा गरजले.

"आमची!"

"आजार कुणाचा?"

"माशाचा!"

उपचार सोपा होता. रोग्याने सडपातळ ट्राउट माशाला हात लावायचा, दुखणं त्याच्या कानात सांगायचं (माशाला कान कुठे, हे कुणी विचारलं नाही) आणि घरी जायचं. बाबा बादली पडद्यामागे नेत. दुसऱ्या दिवशी मासा टम्म फुगलेला! चिरला की आत किडनी सुजलेली. रोग माशात गेला!

माशांची डॉक्टर असलेली भाची एरवी हे ऐकून पोट धरून हसली असती. पण बाबांच्या भरवशावर तिच्या आत्याने कालचं डायलिसिस बुडवलं होतं. आत्याचे पाय सुजले होते, चार शब्द बोलताना धाप लागत होती.

"आत्या, आत्ता दवाखान्यात चल."

"अगं, माझ्यासाठी त्या माशाने जीव दिला! आता सुया टोचून घेतल्या तर त्याला काय वाटेल?"

"तो मेलाय, आत्या."

"म्हणून काय झालं? मन असतंच की!"

भाचीने कपाळावर हात मारला. आत्याच्या माशाची किडनी तिने प्रयोगशाळेत नेली आणि येताना ओळखीच्या कापडदुकानातून एक पुतळा उचलला. त्याला कानटोपी, मास्क आणि शाल चढवून चाकाच्या खुर्चीतून लाँड्रीत नेलं.

"हे आमचे काका. बोलत नाहीत."

बाबांनी काकांचा हात माशावर टेकवला. "नाडी मंद आहे," ते डोळे मिटून म्हणाले, "पण श्रद्धा जबर!"

दुसऱ्या दिवशी काकांचा मासा सगळ्यांपेक्षा जास्त फुगला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाचीने शाल ओढली, मास्क काढला आणि पुतळ्याच्या पोटावर टकटक केलं.

"बाबा, याच्या कुठल्या किडनीचा रोग काढलात?"

"प्लास्टिकचा रोग फार चिवट असतो..." बाबा दाराकडे सरकू लागले. कंडक्टर आडवा आला. भाचीने पडदा बाजूला केला. आत दोन टब होते: एकात सडपातळ मासे, दुसऱ्यात फुगलेले.

"पण आजार तर खरा होता ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"खरा, पण माशाचा स्वतःचा. पाण्यातला एक परजीवी कल्ल्यांतून शिरतो आणि किडनीत घर करतो. पाणी कोमट असलं की सूज वाढते. माशाची जनुकं मात्र गप्प बसत नाहीत. काही आधी जागी होतात, धोक्याची घंटा वाजवतात. मग दुसरी जागी होऊन हत्यारं घडवतात. रोग आदल्याच दिवशी लागला असता, तर जेमतेम घंटा वाजली असती. प्रयोगशाळेत दिसलं, आत्याच्या माशात हत्यारांचा कारखाना कित्येक आठवडे चालू होता. म्हणजे आत्याचा हात लागण्याच्या खूप आधीपासून!"

गर्दीत बसलेली आत्या मग भाचीचा दंड धरून उठली. "चल. आणि वाटेत एक अक्षर बोलू नकोस."

संध्याकाळी डायलिसिसच्या खाटेवरून ती शेजारच्या बाईंना बजावत होती, "अहो, चमत्कार दाखवला ना कुणी, तर हात जोडू नका. आधी पडदा सरकवा. आणि तोवर आपलं औषध सोडू नका."