गलबतावरचा पावाचा साचा

मी एक जुना पावाचा साचा आहे. रंगाने काळा, अंगाने जाड आणि एका कोपऱ्याला जरासा चेपलेला. पण मित्रांनो, नाक मुरडू नका. एका गलबतावरचा ओव्हन आज जागेवर आहे तो माझ्यामुळे, आणि हे मी काही फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे. असू दे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. जाड पत्रा कापला, दाबला, कडा दुमडल्या आणि वर एक सरकतं झाकण बसवलं. अंगावर ना चकाकी, ना नक्षी. दुकानात आल्यावर मला सगळ्यात खालच्या फळीवर ढकललं, झाडूंच्या शेजारी. वरच्या फळ्यांवर काचेची, रंगीत, चकचकीत भांडी मिरवत होती. गिऱ्हाईक यायचं, वर बघायचं आणि वरचंच घेऊन जायचं. मी आपला धूळ खात पडलेलो. तेव्हा फार वाईट वाटायचं.

एक दिवस एक बाई नवऱ्याला घेऊन दुकानात आली. काखेत पुठ्ठ्याचा एक खोका आणि तोंड एवढंसं झालेलं. दोघांच्या बोलण्यातून मला सगळा प्रकार कळला. ही बाई लग्नाआधी बेकरीत पाव भाजायची. आता ती एका मालवाहू गलबतावर सून म्हणून आली होती. सासरे गलबताचे कप्तान. नवऱ्याने हौसेने तिच्यासाठी एक छोटा ओव्हन बसवला होता, पण कप्तानांचा त्या जागेवर डोळा होता. त्यांना तिथे दोर ठेवायचे होते. त्यातून सूनबाईंनी एक घोळ करून ठेवला. ओव्हनच्या तोंडाचं माप घेतलं आणि माहेरच्या बेकरीतून त्या मापाचे मोठे ऐटबाज ट्रे आणले. गलबतावरच्या ओव्हनला दाराच्या आत एक आडवी सळई असते, भांडं घसरून बाहेर येऊ नये म्हणून. ती हिने मापात धरलीच नव्हती. ट्रे सळईवर अडला आणि दार काही लागेना.

"सूनबाई, ट्रे ओव्हनात बसवायचा की ओव्हन ट्रेमध्ये?" असं कप्तान म्हणाले, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पण पाठोपाठ त्यांनी ठणकावलं होतं, "या फेरीत पाव मिळाला तर ठीक. नाहीतर ओव्हन उतरवायचा."

"ओव्हन गेला तर मी तिथे नुसती पाहुणी," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळ्यांना आपापलं काम आहे. मी काय करू, लाटा मोजत बसू?"

"अगं, म्हणून तर आलोय ना," नवरा म्हणाला. "घाई करू नकोस. नीट बघून घे."

तिने खोका काउंटरवर ठेवला. ओव्हनच्या आतल्या मापाने तो कापला होता आणि सळईच्या जागी एक काडीसुद्धा खोचली होती. दुकानदार बघतच राहिला. त्याने काचेचं भांडं पुढे केलं. "ताई, हे बघा, आतला पाव बाहेरून दिसतो."

"गलबत हललं की काचा पण दिसतील," ती म्हणाली.

मग त्याने रबराचं काढलं. "हे घ्या, वाकवा, मुडपा, काहीही करा!"

"अहो, समुद्र आम्हाला वाकवतोच आहे. भांडं तरी सरळ राहू दे."

दुकानातला पसरट ट्रे तिने आता स्वतःच बाजूला सारला, कारण गलबत कललं की पीठ एका अंगाला जमा होणार. आणि अशी सगळी भांडी नापास करता करता तिची नजर खाली आली. मित्रांनो, झाडूंच्या शेजारी, माझ्यावर! तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि खोक्यात ठेवलं. मग माझ्याभोवती सावकाश बोट फिरवलं. चारी बाजूंनी बोट मोकळं फिरलं.

"एवढी जागा हवीच," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथून गरम हवा खेळते. भांडं भिंतीला चिकटलं की पाव एकीकडे करपतो आणि एकीकडे कच्चा राहतो." मग तिने माझं झाकण दोनदा सरकवून पाहिलं आणि हसली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

गलबत निघालं. बंदराबाहेर येताच डोलायला लागलं. तो ओव्हन दोन खुंट्यांवर टांगलेला होता, पाळण्यासारखा, म्हणजे गलबत कललं तरी तो सरळ राहावा. बंदरात तो झुलू नये म्हणून लावलेली कडी तिने काढली, मला तेल लावलं, पीठ घातलं, झाकण सरकवलं आणि दार बंद केलं. यावेळी दार लागलं. कप्तान हाताची घडी घालून समोरच बसले होते.

आत काय उकडत होतं! पीठ फुगलं आणि झाकणाला ढुसण्या द्यायला लागलं. वरून लाटा होत्याच. मला दात नाहीत, ओठ नाहीत, तरी दातओठ खाऊन मी झाकण धरून ठेवलं. मी हरलो असतो तर ती हरली असती.

दार उघडलं, तेव्हा घमघमाट सुटला. पाव चौकोनी, खरपूस, एका बाजूलाही कललेला नाही. तिने कोपऱ्याचा तुकडा कापून सासऱ्यांपुढे ठेवला. ते चावत राहिले. तिने कपड्याची घडी मुठीत आवळून धरली होती.

"दोर वरतीच राहू देत," कप्तान मुलाला म्हणाले. "ताडपत्री टाक त्यांच्यावर." मग सुनेकडे वळून म्हणाले, "आणि दुसरा कोपरा कुठाय?"

ती हसली आणि रडलीसुद्धा. मीही रडलो असतो, पण मला गंज चढतो.

पुढे किती बंदरं झाली, किती पाव भाजले! मध्ये एकदा नवे गोल साचे आले आणि मला इंजिनापाशी नटबोल्ट ठेवायला दिलं. तो अपमान मी विसरलेलो नाही. कप्तानांनी गोल पाव काही दिवस मुकाट्याने खाल्ला. मग एका सकाळी स्वतः खाली उतरले, नटबोल्ट ओतून दिले आणि मला सुनेपुढे ठेवलं. "त्या गोल पावाला कोपरे नाहीत गं," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, माझं एक ऐका. मला तारेच्या घासणीने खरवडू नका. हा काळेपणा मळ नाही, मुरलेलं तेल आहे. धुतलं की लगेच पुसा. आणि लहान जागेत काही बसवायचं असेल, भांडं असो की माणूस, तर त्याच्या चारी बाजूंना बोटभर जागा सोडा.

कप्तान आता थकलेत, पण आजही पाव झाला की आधी कुरकुरतात, "या गलबतावर दोरांना म्हणून जागा नाही." आणि कोपऱ्याच्या तुकड्यासाठी हात पुढे करतात.