प्लॉट नंबर सतराचा हातपंप

मित्रांनो, पाण्याने वेढलेल्या देशात हातपंपाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. नेदरलँड्समध्ये लोक पाणी काढण्यापेक्षा ते बाहेर घालवण्यातच जास्त गुंतलेले असतात, हे खरं आहे. पण आमचं फेल्डहोवन वाळूवर वसलेलं आहे. चार आठवडे पाऊस पडला नाही की इथली माती पिठासारखी उडते, आणि मग लोकांना माझ्यासारख्या बिडाच्या म्हाताऱ्याची आठवण होते.

एका लहानशा कारखान्यात मला ओतलं, हिरवा रंग दिला आणि दुकानाच्या दारात उभं केलं. तिथून मला यापने आणलं. याप तेव्हा तिशीतला सुतार होता. गावाबाहेर भाजीपाला पिकवण्यासाठी बागसंघाने भाड्याने दिलेले ऐंशी लहान प्लॉट होते, त्यातला सतरा नंबर त्याचा. त्याने स्वतः सात मीटर पाइप जमिनीत उतरवला, वर मला बसवलं आणि पहिलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला. एका कडक उन्हाळ्यात तर आजूबाजूचे सगळे बादल्या घेऊन माझ्यापुढे रांग लावत. त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू! पुढे बागेत नळ आले. बाकीच्यांनी आपापले पंप उपटून भंगारात घातले. यापने मला ठेवलं, पण वय झालं तसं त्याचं माझ्याकडे दुर्लक्ष झालं. माझ्या आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला. दहादा दांडा हलवावा तेव्हा कुठे चुळकाभर पाणी यायचं, आणि तेही कुरकुरत.

ती कुरकुर ऐकूनच मालिनी कुंपणापाशी थांबली.

ते २०२० सालचं वसंतातलं पहिलं लॉकडाउन होतं. मालिनीचा नवरा हरीश इथल्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉल हरीशच्या मीटिंगांनी व्यापला होता, आतली खोली मुलीच्या ऑनलाइन शाळेने. मालिनीला बसायला ओट्यासमोरचं स्टूल तेवढं उरलं होतं. म्हणून ती रोज चालायला बाहेर पडायची. तिचे वडील बाळासाहेब जतच्या पंचायत समितीत हातपंप दुरुस्ती पथकात होते. लहानपणी ती त्यांच्या जीपमधून गावोगाव हिंडली होती. पंप कुठे दुखतो हे तिला आवाजावरून कळायचं.

"तुमचा वॉशर गेलाय," ती कुंपणापलीकडून यापला इंग्रजीत म्हणाली.

"तो कधीच गेलाय," याप म्हणाला. "मी पण त्याच्याच मागे निघालोय."

दीड मीटर अंतर ठेवून याप वाटेवर जाऊन उभा राहिला आणि मालिनीने मला खोललं. वॉशर रात्रभर तेलात भिजवायला सांगितला, दुसऱ्या दिवशी येऊन बसवला, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि दांडा मारला. तिसऱ्याच दणक्याला पाणी आलं. मित्रांनो, मला रडू आलं असतं, पण पंपाला रडणं आणि पाणी देणं यात फरक करता येत नाही. तिने लगेच वडिलांना व्हिडिओ कॉल लावून मला दाखवलं. "दांडा जरा ढिला आहे गं, पिन बघ," ते जतहून म्हणाले. पिन खरंच झिजली होती.

त्याच आठवड्यात मालिनीने बागसंघाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. नंबर आला अकरावा. तेव्हा लोकांना वाटलं, हिला कशाला हवी ही भानगड. पण वर्ष संपेपर्यंत घरात कोंडलेल्या अर्ध्या गावाला मातीची आठवण झाली आणि तिच्यामागे साठ माणसं उभी राहिली. मालिनी मात्र हळूहळू वर सरकत होती. घरात नाही तर नाही, निदान जमिनीवर कुठेतरी आपली म्हणून चार पावलं हवीत, एवढंच तिचं मागणं होतं. ती ते यापला पुन्हा पुन्हा सांगायची.

"माझा प्लॉट हवा असेल तर मला मरावं लागेल," याप हसत म्हणायचा. "जिवंतपणी मी सोडणार नाही."

"काहीतरीच काय बोलता!" मालिनी खरोखर रागवायची. मग याप तिला कोबीचा गड्डा द्यायचा आणि भांडण मिटायचं. त्याने तिला फाटकाची एक किल्लीसुद्धा देऊन ठेवली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाळासाहेब गेले. सांगलीच्या दवाखान्यात त्यांना चौथ्या दिवशी ऑक्सिजन मिळाला आणि पाचव्या दिवशी ते गेले. इकडे विमानं बंद होती. मालिनीने वडिलांचा तेरावा मोबाइलवर पाहिला, मध्येच नेटवर्क गेलं तेव्हा अर्धा विधी दिसलाच नाही. त्या दिवशी दुपारी ती सतरा नंबरवर आली, माझा दांडा धरला आणि नुसती पाणी काढत राहिली. खाली बादली नाही, झारी नाही. यापने एकेक झारी आणून माझ्या तोंडाखाली सरकवली. झाऱ्या संपल्यावर कढई आणली. एवढं शहाणपण मी फार थोड्या माणसांत पाहिलं आहे.

आणि मग डिसेंबरात याप गेला. त्याच आजाराने, तीन आठवडे इस्पितळात राहून. मुलगा ग्रोनिंगनहून आला, दहा मिनिटांत हत्यारं गाडीत टाकली आणि गेला. दफनाला मोजकीच माणसं चालणार होती, त्यात मालिनीचं नाव नव्हतं.

यादीत आता ती पहिली होती. मुलाने लगेच कळवल्यामुळे सतरा नंबर रिकामा झाला होता. बागसंघाचा ईमेल आला, आठवड्याच्या आत होकार कळवा. मालिनी आणि हरीश त्या संध्याकाळी कुंपणाबाहेर उभे राहून बोलत होते, ते मी ऐकलं.

"नुसतं येस लिहून टाक," हरीश म्हणाला. "प्लॉटवर नंतर जा ना, कोण अडवतंय?"

"आज त्यांना जाऊन दुसरा दिवस आहे, हरीश. माणूस गेल्या गेल्या त्याची जागा आम्हाला द्या म्हणू? गिधाडासारखं?"

"अगं पण डेडलाइन आहे."

"बाबांचं काही करता आलं नाही मला. यांचे तेरा दिवस तरी नीट होऊ देत. तोवर आत पाऊल टाकणार नाही आणि हो पण म्हणणार नाही."

हरीश गप्प बसला. तो भला माणूस आहे, आणि भल्या माणसांना नको तेव्हा गप्प बसायची खोड असते. मालिनीने बागसंघाला लिहिलं की आम्ही सुतकात आहोत, तेरा दिवसांनी येऊन भेटते. एवढं कळवलं की पुरे, असं तिला वाटलं. आपल्याकडे कोणालाही ते पुरलं असतं.

त्यानंतर ती रोज यायची. अंधार साडेचारलाच पडायचा. ती कुंपणाबाहेर हात जोडून क्षणभर उभी राहायची. पर्समध्ये किल्ली, पण आत यायची नाही.

मित्रांनो, आता माझं ऐका. थंडीआधी हातपंपाचा दांडा पूर्ण वर उचलून ठेवावा लागतो. तसं केलं की पोटातलं पाणी जमिनीत उतरून जातं. नाही केलं तर ते आतच गोठतं आणि बीड तडकतं. याप दरवर्षी ते करायचा. या वर्षी त्याला वेळच मिळाला नाही. माझा दांडा खाली होता आणि पोट भरलेलं होतं, आणि मालिनीला ते कुंपणाबाहेरून स्पष्ट दिसत होतं. आठव्या दिवशी ती हरीशला म्हणालीसुद्धा, "उद्यापासून फ्रॉस्ट आहे. पंप रिकामा करायला हवा. तू जातोस?"

"तूच म्हणालीस ना, पाऊल टाकायचं नाही. मग मी कसा जाऊ?" हरीश म्हणाला. "मी उद्या बागसंघाच्या सेक्रेटरीबाईंना फोन करतो." दुसऱ्या दिवशी त्याला सकाळपासून मीटिंगा होत्या.

त्या संध्याकाळी मालिनी फाटकापाशी बराच वेळ घुटमळली. किल्ली कुलपापर्यंत नेली. मग परत पर्समध्ये टाकली. मला तिचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. वीस पावलांचं अंतर होतं. पहाटेच्या आत मी मानेपासून खालपर्यंत उभा तडकलो.

चौदाव्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा प्लॉटवर एक तरुण जोडपं जागा मोजत होतं आणि मी कचऱ्याच्या ढिगाशेजारी आडवा पडलो होतो. सेक्रेटरी कोरीबाई तिथेच होत्या.

"मी कळवलं होतं," मालिनी म्हणाली.

"हो, पण तुम्ही होकार दिला नव्हता. आठवड्यात होकार नाही म्हणजे नकार. मागे साठ माणसं आहेत." मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरी कोणी गेलं असं मला वाटलं. फार वाईट वाटलं होतं. कोण गेलं?"

"याप."

"याप?" कोरीबाई गोंधळल्या. "याप तुमचा कोण होता?"

यापसाठी तेरा दिवस कोणी पाळले असतील तर ते मालिनीने, आणि नेमकी तीच गैरहजर ठरली होती. ती माझ्यापाशी आली, तड्यावरून बोट फिरवलं आणि त्या जोडप्याला विचारलं, "हा मी नेऊ का?" ते बिचारे आनंदाने हो म्हणाले. चांगली माणसं होती. त्यांना भंगार उचलायचा त्रास वाचला.

आता मी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत असतो. माझ्याखाली चार कुटुंबं राहतात, पाणी कुठेच नाही. पहिल्या दिवशी मालिनीने माझा दांडा पूर्ण वर उचलला आणि सुतळीने बांधून ठेवला. माझ्या पोटात थेंबही नव्हता. मग ती खाली बसली आणि रडली. वडिलांसाठी, यापसाठी आणि थोडं माझ्यासाठीही असावं. यादीत तिचं नाव पुन्हा शेवटी गेलं आहे.

मित्रांनो, तुमच्या जवळचं कोणी गेलं तर दुःख जरूर करा. पण त्याच्यामागे काय काय उरलं आहे, ते आधी आत जाऊन बघा. कुंडी असेल, कुत्रं असेल, माझ्यासारखं एखादं जुनं धूड असेल. आम्हाला सुतक कळत नाही. आम्हाला तहान कळते आणि थंडी कळते. गेलेल्या माणसासाठी तेरा दिवस थांबता येतं, गोठणाऱ्या पाण्याला थांबता येत नाही. तुम्ही आत गेलात म्हणून तो रागावणार नाही. यापचं म्हणाल, तर वीस पावलं चालून आली नाही म्हणूनच तो मालिनीवर रागावला असता.