शून्य ते साठ

रत्नमालानं तिसऱ्या खिडकीचा कोपरा माउसनं धरून ओढला आणि ती अर्ध्या स्क्रीनवर पसरवली. निळी रेघ सरळ चालत आली, मध्येच धप्पकन खाली कोसळली आणि लगेच वर येऊन पुन्हा चालू लागली, जणू काही झालंच नाही.

मागं उभ्या असलेल्या विश्वजीत सरांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. वाळूजच्या या टेस्टिंग कंपनीत ते तिचे वरिष्ठ.

"ही खिडकी काढ. अकराला गिऱ्हाईक येतंय."

"सर, हा ब्रेकचा दाब आहे."

"माहितीय मला."

गाडी धावताना तिच्या तारांमधून सेकंदाला हजारो आकडे वाहतात. ते टिपून स्क्रीनवरच्या खिडक्यांमधून दाखवायचे, हे रत्नमालाचं काम. कुठल्या खिडकीत काय आणि कुठल्या मापात दिसेल, ते तीच लावायची. ही नवी स्कूलबस कन्नडच्या घाटात उतरताना तिचा ब्रेक सात वेळा सुटला होता, प्रत्येक वेळी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरता. बस चालवणारे सांडूमामा महिनाभर सांगत होते, पाय रिकामा जातो म्हणून. मामांचं वय झालं, असं म्हणून ऑफिसात हसून झालं होतं.

"डिलीट कर म्हणत नाही मी," सर आवाज उतरवून म्हणाले. "फाइलमध्ये सगळं राहू दे. फक्त दाखवू नको. नाहीतर मापाची पट्टी शून्य ते हजार कर, दोन तासांची रेघ एकाच खिडकीत बसव. कुणी विचारलंच तर आहे की."

"जे दिसतच नाही ते विचारणार कोण, सर?"

सरांनी तिची खुर्ची मागं ओढली. "ऊठ. मी करतो."

दोन मिनिटांत रेघ इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली.

रत्नमाला यार्डात आली. सांडूमामा बसच्या चाकाची हवा बघत होते. तिनं सगळं सांगितलं. ते उठले, फडक्याला हात पुसत राहिले.

"म्हंजे माझा पाय खोटा अन् त्यांची रेघ खरी. पोरी, या गाडीत लेकरं बसणार हायेत. ते कुणी बोललं का तिथं?"

कुणीच बोललं नव्हतं. तीसुद्धा नाही. ती वळली आणि तडक मीटिंगच्या खोलीचं दार ढकलून आत गेली. तिला बोलावलेलं नव्हतं.

पडद्यावर सपाट रेघा होत्या. समोर बस बनवणाऱ्या कंपनीच्या श्रेया मॅडम आणि त्यांच्याबरोबर आलेले दोघं.

"मॅडम, या खिडक्या मी लावलेल्या नाहीत," रत्नमाला म्हणाली. "मी लावलेली दाखवते."

"रत्नमाला, नंतर," सर म्हणाले.

"दोनच मिनिटं, सर."

कीबोर्ड पुढ्यात ओढून तिनं आकडे टाकले. दाब शून्य ते साठ, वेळ घाटातली दहा सेकंदं. सगळ्यांच्या देखत रेघ कोसळली.

"सेन्सरची गडबड असते अशी," सर घाईनं म्हणाले.

तिनं त्याच खिडकीत आणखी दोन रेघा ओढून आणल्या. ब्रेकचं पेडल दाबलेलंच होतं. वेग मात्र कमी व्हायचा थांबला होता.

"सेन्सर गडबडला, तर गाडी का सुटेल, सर?"

श्रेया मॅडम खुर्ची सोडून पडद्याजवळ गेल्या. तिन्ही रेघांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं,

"गाडी कोण चालवत होतं?"

सांडूमामांना बोलावणं गेलं. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. दारात चपला काढू लागले, तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, आत या. काय जाणवलं तुम्हाला?"

"पाय रिकामा गेला, बाई. सात येळा. म्या लई सांगितलं हितं."

मॅडमनी ते शब्द तसेच्या तसे उतरवून घेतले.

जेवणाच्या सुट्टीनंतर रत्नमालाचा पासवर्ड चालेना. तिनं दोनदा टाकला, तिसऱ्यांदा टाकला नाही. डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून ती यार्डात, मामांशेजारी जाऊन बसली. घरी काय सांगायचं याचा तिनं थोडा विचार केला आणि ठरवलं, झालं तेच सांगायचं.

चारच्या सुमारास विश्वजीत सर आले. हातात कोरा कागद.

"मॅडमचा मेल आलाय," तिच्याकडं न बघता ते म्हणाले. "प्रत्येक रिपोर्टात ती खिडकी पाहिजे त्यांना. कशी लावायची ते लिहून दे."

"माझा पासवर्ड बंद आहे, सर."

"ते बघू. आधी लिही."

तिनं बसच्या पायरीवर कागद ठेवला. कुठल्या तीन रेघा, पट्टी किती, वेळ किती, सगळं ठसठशीत अक्षरात लिहिलं. खाली दोन नावं टाकली, स्वतःचं आणि सांडूमामांचं.

सरांनी कागद वाचला. "नावं कशाला?"

"उद्या कुणी ही खिडकी बंद केली," पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "तर कुणाची बंद केली, ते कळायला."